बाळंतिणीचं ऊन पाणी

रंजीता उरकुडेला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, पहिली गोष्ट सांगेल ती हीच की पोरगी भित्री. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला की ती रस्ता बदलायची. एसटीत कंडक्टर ओरडेल म्हणून आपलं गाव यायच्या खूप आधी दारात जाऊन उभी राहायची आणि सगळ्यांच्या पायात यायची. वाघाची भीती यात धरायची नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाला घाबरणं याला भित्रेपणा म्हणत नाहीत, अक्कल म्हणतात. पण रंजीता शाळेत तपासणीला साहेब आले तरी घाबरायची आणि आले नाहीत तरी, की आता उद्या येतील.

तिची आई सुगंधाबाई अगदी उलट. विंचू चपलेने ठेचायचा आणि तीच चप्पल पायात घालून कापसाच्या शेतावर निघायचं, अशी बाई. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," ती लेकीला म्हणायची. "तू पळतं म्हून तो मांगं येते."

आणि अशी ही मुलगी मोठी होऊन काय करायला लागली, तर चंद्रपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्रात पीएच.डी. तीही अशा विषयात, की ज्यात दर आठवड्याला काहीतरी पेटवायचं. लोखंड, मँगनीज आणि जस्त यांचे क्षार पाण्यात विरघळवायचे, त्यात लिंबूसत्त्व टाकायचं आणि मंद आचेवर आटवत बसायचं. पाक घट्ट व्हावा तसा त्याचा गोळा होतो. मग कोणी काडी न लावता तो गोळा आपोआप पेट घेतो, फसफसून फुगतो आणि मागे उरते ती काळी-तपकिरी राख. ती राख खलून, भट्टीत भाजून जी पूड मिळते तिला फेराइट म्हणतात. तिचे कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो एका रांगेत बसावेत, आणि ही पूड लोहचुंबकाला चिकटते. पहिल्यांदा गोळा पेटला तेव्हा रंजीता व्हरांड्यातून पळत पार जिन्यापर्यंत गेली होती. तिच्या मार्गदर्शक चंचल मॅडम हसत हसत तिचा हात धरून तिला परत घेऊन आल्या.

ती या वाटेला लागली ते बापामुळे. तिचं गाव वडझरी, कोरपन्याहून जिवतीच्या डोंगराकडे जाताना लागतं. गावातल्या हातपंपाला सरकारी लोकांनी कधीच लाल रंग फासून ठेवला आहे. लाल म्हणजे हे पाणी पिऊ नका. पण मग काय प्यावं, हे सांगायला कोणी थांबलं नाही. गावातल्या पोरांचे दात येतानाच पिवळे पट्टे घेऊन येतात. लटारूभाऊंची, म्हणजे तिच्या वडिलांची, पाठ चाळिशीतच लाकडासारखी झाली. मागून कोणी हाक मारली तर मान वळत नाही, सगळं अंगच वळवावं लागतं. म्हातारपण लवकर आलं असं लोक म्हणायचे. कॉलेजात गेल्यावर रंजीताला त्या म्हातारपणाचं नाव कळलं, फ्लोराइड. तेव्हापासून घरी ग्लास हातात घेतला तरी तिला भीती वाटायची, आणि ही भीती पहिल्यांदाच खोटी नव्हती.

फेराइटची पूड पाण्यात टाकून ढवळली तर ती थोडंफार फ्लोराइड अंगाला चिकटवून घेते. मग भांड्याखाली लोहचुंबक ठेवायचं. पूड फ्लोराइडसकट तळाशी खिळून बसते, वरचं पाणी ओतून घ्यायचं. ना वीज, ना यंत्र. अडचण एवढीच होती, की नुसत्या मँगनीजच्या फेराइटला चुंबक म्हणावं तसं ओढायचं नाही. तेव्हा मॅडमनी तिला जस्त मिसळायला सांगितलं. चांगल्या पदार्थात दुसऱ्या कशाची तरी चिमूट मुद्दाम घालायची आणि त्याचा स्वभाव बदलायचा, याला त्यांच्या शास्त्रात डोपिंग म्हणतात.

आता जस्त हा काही चुंबकाला चिकटणारा धातू नव्हे. तो घातल्याने पुडीची ओढ कमी व्हायला हवी की वाढायला? वाढली! रंजीताने हे घरी येऊन लटारूभाऊंना रस्सीखेचीच्या हिशोबाने समजावलं होतं. त्या कणाच्या आत दोन बाजू असतात, एक मोठी, एक लहान, आणि दोघी दोर उलट दिशांना ओढत असतात. जस्त जाऊन लहान बाजूच्या जागा अडवून बसतं आणि ओढत मात्र काहीच नाही. लहान बाजू ढिली पडली, की मोठीचा जोर जास्त दिसायला लागतो.

"म्हणजे एका पार्टीत मरतुकडे गडी घुसवले," लटारूभाऊ म्हणाले.

"बरोबर, बाबा."

"अन् जास्तच घुसवले तं?"

जास्त घुसवले तर दोर धरायलाच कोणी उरत नाही, मोठी बाजूही पांगते, हेही तिने सांगितलं. हे सगळं तिला येत होतं. जस्त वाढवत नेलं तसतशी पूड फ्लोराइडही जास्त धरू लागली, म्हणून ती वाढवत गेली, आणि चुंबकाची ओढ आता उतरणीला लागेल असं वाटलं तिथे थांबली. प्रयोगशाळेत, पंख्याखाली, दोन्ही गोष्टी जमल्या होत्या. पूड फ्लोराइड धरत होती आणि चुंबक पुडीला धरत होतं. त्या दिवशी रंजीता कोणालाही न घाबरता झोपली.

चंचल मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती. "ही पूड अजून कोणाच्याही पोटाजवळ जाता कामा नये. सगळ्या तपासण्या होऊ देत. मग पाहू."

रंजीता हो म्हणाली. आणि दिवाळीला घरी येताना एक बाटली भरून घेऊन आली.

तिला दोष द्यायचा तर खुशाल द्या. पण घरी भाऊ रोशनची बायको मयुरी दुसऱ्यांदा गरोदर होती. तिचा पहिला मुलगा आदेश हसला, की त्याच्या नव्या दातांवर पिवळी रेघ दिसायची. गावातलं शुद्ध पाण्याचं मशीन बंद पडून कुलूपबंद झालं होतं. आणि सुगंधाबाई येता-जाता म्हणायची, "साऱ्या जगाचं पाणी साफ करून राह्यली, अन् घरी आम्ही लाल बोरिंगचंच पितो." भित्र्या माणसाला एका भीतीतून सुटायची घाई झाली, की दुसरी दिसत नाही.

तिने सगळं नीट बसवून दिलं. राजुऱ्याला जुने लाउडस्पीकर दुरुस्त करणारे अयूबभाई यांच्याकडून एक मोठं गोल लोहचुंबक आणलं. अॅल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेलं, त्यात पाणी, त्यात चमचाभर पूड, ढवळायचं, गंज चुंबकावर ठेवायचा, दम धरायचा, वरचं पाणी अलगद ओतायचं, पातळ फडक्यातून गाळायचं. ओतलेलं पाणी तिने चंद्रपूरला नेऊन तपासलं. पूड नावाला सुद्धा उरलेली नव्हती. सुगंधाबाईचा हात आधीच साफ, चार दिवसांत ती पोरीपेक्षा चांगलं करायला लागली. गावात सांगत सुटली, की आमच्या रंजीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते.

माघात मयुरी बाळंत झाली. मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे सासरी. रंजीताला प्रबंध लिहिण्याच्या धबडग्यात येता आलं नाही. ती आली ती थेट बारशाच्या दिवशी सकाळी. आत्या नाही तर बारसं कसलं?

दारात मंडपाचं कापड बांधायचं काम चालू होतं. रंजीता आधी स्वयंपाकघरात गेली. चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या भडकल्या होत्या, वर गंजात पाणी खदखदत होतं आणि सुगंधाबाई त्यात बाटलीतली पूड टाकून उलथण्याने ढवळत होती.

रंजीता उंबऱ्यातच थांबली. "माय, हे काय करून राह्यली?"

"बाळंतिणीचं पाणी. काऊन?"

"उकळत्या पाण्यात टाकतं पूड?"

"मंग? बाळंतिणीले थंड पाणी देऊ का?" सुगंधाबाईने गंज फडक्याने धरून उतरवला, चुंबकावर ठेवला. "थंडं पाणी साफ करून मंग चुलीवर ठेवलं, तं त्यात धूर लागते, राख पडते. साफ केलेलं पाणी काऊन घाण करू? आधी तापवतो, मंग साफ करतो, अन् गरमागरम थर्मासात भरतो. गरम पाण्यात मळ बी चांगला निघते. कपडे धुताना पाह्यलं नाई का कधी?"

आईचं म्हणणं तिच्या परीने चोख होतं. या भागात बाळंतिणीला गार पाण्याचा थेंब देत नाहीत. बाजेखाली शेक, कानाला फडकं आणि प्यायला ऊन पाणी. रंजीताला हे जन्मापासून माहीत होतं. पण पूड कशी वापरायची ते शिकवताना, पाणी गार असतानाच वापरायची, हे सांगायचं तिला सुचलं नव्हतं. प्रयोगशाळेतलं पाणी गारच असतं.

"रंग?" तिने विचारलं. "पाण्याचा रंग बदलत नाई का?"

"ओवा अन् बाळंतशेपा टाकतो ना मी त्यात. तांबूस येतेच."

जस्त जितकं जास्त, तितकं पुडीचं चुंबकत्व उष्णतेपुढे कमजोर. रस्सीखेचीत मरतुकडे गडी भरले, की ऊन वाढताच बाकीच्यांचेही हात सुटतात, दोर खाली पडतो, आणि ती पूड चुंबकाच्या लेखी नुसती माती होते. हे काही नवीन नव्हतं. पुस्तकात होतं. तिने ते वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. फक्त ते आपल्या चुलीपाशी येऊन उभं राहील, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

कदाचित आपण उगीच घाबरतोय, तिने स्वतःला सांगितलं. आयुष्यभर उगीचच घाबरत आलो. पाहुण्यांसाठी काढलेला काचेचा ग्लास तिने घेतला, थर्मासातलं पाणी त्यात ओतलं. वाफ निघत होती. तिने चुंबक उचलून ग्लासाला टेकवलं आणि खाली बसून बघत राहिली. काहीच झालं नाही. पाणी तसंच तांबूस, सगळीकडे सारखं. तिने देवाला हात जोडले, की हा ओव्याचाच रंग असू दे.

बाहेर कोणीतरी मंडपाचा दोर ओढायला हाका मारत होतं. ग्लास निवायला लागला. आणि मग पाण्यातून तपकिरी धागे सुटले, हळूहळू चुंबकाकडे सरकले, काचेला आतून चिकटले. पाणी जसं गार होत गेलं तशी ती कड जाड होत गेली, काळी होत गेली, शेवटी बोटभर. उरलेलं पाणी फिक्कट, ओव्याच्या रंगाचं. ओवा चुंबकाला चिकटत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यापासून मयुरी हे पीत होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

तिने ग्लास मोरीत ओतला. डोकं भलतंच तरतरीत झालं होतं, आणि त्या डोक्याने तिला एक सोपी वाट दाखवली. ती आईजवळ गेली. "माय, ही पूड जुनी झाली. आता वापरू नको. बाळंतिणीले नुसतं उकळलेलं दे. मी नवी आणतो."

"बरं," सुगंधाबाई म्हणाली, आणि पुऱ्यांची कणीक मळायला बसली.

एवढंच. इतकं सोपं होतं ते. कोणाला काही कळलं नसतं, ना घरात, ना गावात, ना मॅडमना. पीएच.डी. झाली असती. रंजीताने बाटली ओढणीखाली घेतली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मयुरीने हाक मारली. "ताई, आल्या का तुमी? या ना, भाचीले पाहा. रातपासून दूधच ओढून नाई राह्यली. नुसती झोपून राह्यते."

खोलीत शेकाचा धूर भरला होता. पोरगी मयुरीच्या कुशीत होती, एवढीशी, तोंड किंचित उघडं. रंजीताने तिच्या तळपायाला टिचकी मारली. पोरगी कुरकुरली, पाय ओढून घेतला आणि पुन्हा झोपली. नवी पोरं झोपतातच, रंजीताला माहीत होतं. पण तिला हेही माहीत होतं, की ती पूड इतकी बारीक आहे की शरीरात कुठे जाईल आणि कुठे नाही हे छातीठोक कोणी सांगू शकत नाही. रक्तात जाईल का, दुधात उतरेल का? मँगनीज लहान बाळाच्या मेंदूला चांगलं नाही, असं तिने एका लेखात वाचलं होतं, आणि पुढचं पान उलटायची हिंमत झाली नव्हती. आता ते पान श्वास घेत तिच्यासमोर पडलं होतं.

"मयुरी," ती म्हणाली, "तुह्या पाण्यात माही पूड राहून गेली. तू प्यायली ते."

मयुरीला समजलं नाही. "पूड तं आपण सारेच पितो ना, ताई?"

"नाई. आपण पूड काढून टाकलेलं पाणी पितो. तू पुडीसकट प्यायली. गरम पाण्यात ती चुंबकाले धरत नाई. मले सांगायला पाह्यजे होतं, मी सांगतलं नाई."

कणकेचे हात घेऊन सुगंधाबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. विंचवाला न भिणाऱ्या त्या बाईचा चेहरा रंजीताने असा कधी पाहिला नव्हता. "मी पाजलं ना वं," ती म्हणाली. "माह्या हातानं. पी म्हणे, अजून पी, दूध येईन चांगलं." आणि ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

पुढचं सगळं पटापट झालं. शेजारच्या भैयाजींची गाडी निघाली. झबली-टोपी घेऊन आलेल्या बाया मंडपात तशाच बसून राहिल्या. मयुरी, पोरगी आणि सुगंधाबाई मागे, रंजीता त्यांच्यात दाटून, रोशन पुढे. गडचांदूर गेलं, राजुरा गेलं, सिमेंटच्या ट्रकांच्या मागे अडकत गाडी चंद्रपूरकडे चालली होती. रोशन मागे न बघताच बोलला.

"तुह्या पीएच.डी.साठी माहीच पोरगी भेटली का तुले?"

रंजीता पोरीच्या छातीकडे बघत होती. छाती वर यायची, खाली जायची, आणि दर वेळी खाली गेली की पुन्हा वर येईपर्यंत रंजीताचा श्वास थांबायचा. तिने मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरांना काही लपवू नकोस. पुडीत काय काय आहे, किती आहे, सगळं सांग. माझं नाव आलं तरी येऊ दे. मी निघते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोरीला आत घेतलं, सुई लावली, रक्त काढलं, मयुरीचंही काढलं. नाव विचारलं तेव्हा नर्सला कोणी सांगू शकलं नाही, म्हणून कागदावर "मयुरीची बेबी" लिहिलं गेलं. रंजीताने पुडीत काय आहे ते सांगितलं, कण किती बारीक आहेत ते सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. एरवी डॉक्टर लोक निम्म्यातच तोडतात, या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, आणि रंजीताला त्याचीच जास्त भीती वाटली.

"हे पोटातून पुढे कुठे जातं?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत."

"अशी पूड प्यायलेली बाळंतीण मी कधी पाहिलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाहिलेला कोणी मिळतो का बघते. नागपूरला मोठ्या सरांना विचारते." आणि फोन घेऊन त्या बाहेर गेल्या.

बाहेर गेल्या आणि इकडे सलाइनने म्हणा, सुईच्या टोचण्याने म्हणा, पोरगी जागी झाली. आधी कुरकुर, मग ठणठणीत रडणं. सुगंधाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, रडली म्हणजे जीव आहे. नर्सने पोरगी मयुरीच्या हातात दिली. पोरगी तोंड इकडेतिकडे फिरवून दूध शोधायला लागली. मयुरीचा पदर ओला झाला होता. तिने पदराला हात घातला, आणि हात तसाच थांबला.

"ताई," ती म्हणाली. "पाजू का नको?"

रोशनने रंजीताकडे बघितलं. सुगंधाबाईने बघितलं. पोरगी रडत होती.

भुकेल्या बाळाला दूध तोडावं का? की त्याच दुधातून आणखी विष जाऊ द्यावं? विष आहे तरी का ते? रंजीताच्या डोक्यात पुडीबद्दल सगळं होतं. कोणता कण कुठे बसतो, जस्त कोणाची जागा घेतं, कोणता आलेख कुठे वाकतो. आणि या एका प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं.

"मले नाई माहीत, मयुरी."

"तुमी बनवली ना ते?" मयुरीच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. "तुमाले नाई माहीत, तं मंग कोणाले माहीत असन?"

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा पोरगी रडून रडून लाल झाली होती. नागपूरच्या सरांनाही पक्कं सांगता आलं नव्हतं. रिपोर्ट येईपर्यंत बाहेरचं दूध द्यायचं ठरलं आणि मयुरीचं काढून टाकायचं. नर्सने पडदा ओढला, वाटी दिली. वाटी भरली, की ती पडद्याच्या फटीतून बाहेर यायची, आणि घ्यायला जवळ रंजीताच उभी होती. ती वाटी घेऊन ती बेसिनपाशी गेली. पांढरंशुभ्र, कोमट दूध. त्यात काही दिसत नव्हतं. तिने ते ओतून दिलं, नळ सोडला आणि रिकामी वाटी परत आणून दिली. त्या दिवसांत हे काम तिनेच केलं, कोणी सांगितलं नाही तरी.

रिपोर्ट आले. मयुरीच्या रक्तात मँगनीज थोडं वाढलेलं होतं, पोरीच्या रक्तात त्याहूनही कमी. पुढच्या वेळी दोन्ही खाली आले. पोरगी पुन्हा आईचं दूध प्यायला लागली, वजन घ्यायला लागली. तिचं ते झोपणं पुडीमुळे होतं, की नव्या पोरांना होतं तसलं काही साधं दुखणं होतं, हे कोणीच सांगू शकलं नाही. जाताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हिची वाढ बघत राहायची. मान कधी धरते, बसते कधी, उभी कधी राहते. काही मागे पडलं तर लगेच या."

चंचल मॅडमनी उरलेली पूड मागवून घेतली आणि ती किती उष्णतेपर्यंत चुंबकाला धरते ते मोजवून घेतलं. बाळंतिणीच्या पाण्यापेक्षा खूपच कमी उष्णतेत तिचे हात सुटत होते. रंजीताची पीएच.डी. रखडली, थांबली नाही. चौकशी झाली, तिने तिथेही सगळं जसंच्या तसं सांगितलं. प्रबंधात आता एक प्रकरण आहे, जस्ताचं प्रमाण आणि उष्णता यावर. वाचणारे म्हणतात, हे प्रकरण फार नेटकं झालंय.

घरात कोणी तिला घालून-पाडून बोलत नाही. रोशनसुद्धा बोलायला लागला. बदलली ती सुगंधाबाई. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात, ही बाई तर आता नातवंडांना पाणी द्यायचं झालं, की आधी स्वतः घोट घेऊन थांबते. साधा गूळ द्यायचा तरी विचारते, "हे देऊ ना? काई होत तं नाई?" शेतात एकटी जात नाही. लटारूभाऊ सगळं अंग वळवून बायकोकडे बघत राहतात.

आणि मयुरी. रंजीता घरी आली, की मयुरी पोरीला आणून तिच्यासमोर सतरंजीवर ठेवते. "पाहा, ताई." यात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नसतो. जिने पूड बनवली तिलाच पोरीत काही बिघडलं तर ओळखू येईल, असं मयुरीला अजून वाटतं. मग रंजीता बघते. मान. मुठीची पकड. आवाजाकडे वळणं. टाळी वाजवायची आणि पोरीचे डोळे वळेपर्यंत मरायचं, असं तिचं झालंय. मान वेळेवर धरली. बसायला थोडा उशीर झाला, आणि मग एका दुपारी पोरगी कशाला न टेकता बसली. रांगली. भिंत धरून उभी राहिली.

परवा ती चालली. अंगणात कापूस पसरला होता, त्याच्या कडेकडेने, दोन्ही हात वर करून, डुलत डुलत, आणि आदेशच्या अंगावर जाऊन पडली. सगळं घर हसलं. सुगंधाबाईने बोटं मोडून दृष्ट काढली. रंजीताही हसली.

मयुरी धावत तिच्याकडे आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा असा फुलला होता. "आता झालं ना, ताई? आता तं काई भेव नाई?"

हो म्हणणं किती सोपं होतं. रंजीताच्या तोंडावर आलंही होतं ते.

"बोलू दे तिले अजून," ती म्हणाली.

मयुरीचं हसू तिथेच थांबलं. तिने पोरीला उचललं, ओट्यावर मांडीवर घेऊन बसली. "आई म्हण," ती हळूच म्हणाली. "म्हण ना वं. आई." पोरगी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली.